व्हर्टेक्स आणि डोक्यावरचा भोवरा

प्रश्न असा आला आहे: त्रिकोणाच्या शिरोबिंदूला इंग्रजीत ‘व्हर्टेक्स’ म्हणतात, शिखरालाही तोच शब्द चालतो, मग पाण्यातल्या भोवऱ्याच्या ‘व्हॉर्टेक्स’शी त्याचं काही नातं आहे का?

नातं कसलं, मुळात तो एकच शब्द. लॅटिनमध्ये ‘व्हर्टेरे’ म्हणजे वळणे, फिरवणे. त्यावरून व्हर्टेक्स, जुनं रूप व्हॉर्टेक्स. वक्तृत्व शिकवणारा रोमन लेखक क्विंटिलियन सांगतो की अशा शब्दांतल्या ‘ओ’चा ‘ए’ प्रथम रोमन सेनापती स्किपिओ आफ्रिकानसने केला म्हणे. अर्थ आधी गरगर फिरणाऱ्या पाण्याचा किंवा वाऱ्याचा. मग डोक्यावर केस जिथून गोल फिरतात ती जागा, त्यावरून टाळू, आणि टाळूवरून कशाचाही माथा, डोंगराचासुद्धा.

हा प्रवास मराठी माणसाला समजावून सांगायची खरं तर गरजच नाही. नदीतला तो भोवरा आणि डोक्यावरचाही भोवराच! (डोक्यात दोन भोवरे असले की दोन लग्नं होतात, हे लहानपणी ऐकलेलं असतंच.) संस्कृतातल्या ‘आवर्त’चंही तेच: पाण्यातला भोवरा आणि केसांचाही. घोड्याची पारख करणारे अजूनही अंगावरचे भोवरे बघतात. गळ्यावरचा ‘देवमण’ शुभ मानतात. शिवाय आवर्त, वर्तुळ ज्यातून आले तो ‘वृत्’ धातू आणि लॅटिन व्हर्टेरे हे सख्खे भाऊ. फरक इतकाच की आपला भोवरा केसांतच राहिला, रोमनांचा डोंगरावर चढला.

इंग्रजीने पुढे दोन्ही रूपं घेतली आणि कामं वाटून दिली. व्हर्टेक्स भूमितीत गेला, व्हॉर्टेक्स पाण्यात राहिला. प्रसूतिशास्त्रात मात्र व्हर्टेक्स अजून टाळूच आहे: बाळाचा माथा आधी येत असेल तर ‘व्हर्टेक्स प्रेझेंटेशन’. चक्कर येते तो ‘व्हर्टिगो’ याच घरातला. मला गंमत वाटते ती ‘व्हर्टिकल’ची. थेट माथ्यावरचं, म्हणून उभं सरळ. आणि मूळ धातू गोल फिरण्याचा!

‘एपेक्स’चाही अर्थ शिखरच, पण त्याचं कूळ निराळं. रोमच्या फ्लामेन पुरोहितांच्या टोपीवर ऑलिव्हची एक काडी उभी असे, तिला एपेक्स म्हणत. म्हणून एपेक्स म्हटलं की टोक डोळ्यांपुढे यावं, व्हर्टेक्स म्हटलं की माथा. मराठीत शंकूच्या टोकालाही शिरोबिंदू आणि त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांनाही शिरोबिंदूच. त्यातले दोन पायाशी असले तरी.