वाचनालयात तिला जाऊ द्या, तुम्ही जाऊ नका

प्रश्न : आम्ही राजापूर तालुक्यातले. हापूसची छोटी बाग आहे, हंगामात माणूस कमी पडतं. मुलीने यंदा दहावीची परीक्षा दिली. सुट्टीत तिला सार्वजनिक वाचनालयात मदतीला जायचंय, तेही फुकट. मी म्हटलं, पगार असेल किंवा पुढेमागे सरकारी नोकरीत कायम होणार असेल तरच जा. निदान सर्टिफिकेट तरी आण, नीटला उपयोगी पडेल. नाहीतर कोल्हापूरला फाउंडेशन बॅचला घालतो. शेजारच्यांचा मुलगा नववीपासूनच जातोय. काय करावं? – एक पालक

उत्तर : पत्रात पगार आहे, कायम नोकरी आहे, शेजारच्यांचा मुलगासुद्धा आहे. मुलीला वाचनालयात नेमकं काय करायचंय, तेवढं मात्र कुठे नाही. विचारलंत का तिला?

दहावीचं वर्ष घरात कसं जातं ते मी रोज ऐकतो. क्लास, सराव पेपर, लग्नकार्याला सुद्धा ‘तिला नको आणू’. त्यातून सुटलेली मुलगी आपणहून काही काम करते म्हणतेय आणि तुम्ही तिच्यापुढे अटी ठेवताय. शेजाऱ्याचा मुलगा पुढे गेल्याचा धसका तुम्ही घेतलाय. तो तिच्या सुट्टीवर काढू नका. आणि पेट्या भरायला माणूस हवं असेल तर तसं सरळ सांगा. त्यात गैर काही नाही, आमच्याकडेही मे महिना तसाच जायचा. पण त्यासाठी नीटचं नाव पुढे करू नका.

आता तुमचा एक मोठा गैरसमज. पाटीवर ‘शासनमान्य’ असलं तरी गावोगावची ही वाचनालयं सरकारी कचेऱ्या नाहीत. ती स्थानिक संस्था चालवतात. 1967च्या ग्रंथालय कायद्याखाली त्यांना मान्यता मिळते, पुस्तकं, वाचक, सोयी पाहून अ, ब, क, ड वर्ग ठरतो आणि त्याप्रमाणे अनुदान येतं. ग्रंथपालाला नेमतं संस्थेचं कार्यकारी मंडळ आणि त्याचा पगार बहुतेक ठिकाणी तुटपुंजा असतो. जिथे ग्रंथपालाचंच भागत नाही तिथे सुट्टीपुरत्या आलेल्या मुलीला पगार कुठून देणार? दोन महिने मदत केली म्हणून पुढे नोकरीवर हक्कही सांगता येत नाही. कॉलेजात ग्रंथपाल व्हायची वाट वेगळी : पदवी, मग ग्रंथालयशास्त्रातलं बी.लिब., एम.लिब., मग नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा.

नीटला सर्टिफिकेटचे गुण नसतात. डॉक्टर व्हायचं तिच्या मनात असेल तर अकरावीला सायन्स, त्यात जीवशास्त्र, एवढं आज पुरे.

कुणी मानधन देऊ केलंच तर कायदा माहीत असू द्या. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. चौदा ते अठरा वयात विश्रांती धरून दिवसाला सहाच तास, आणि संध्याकाळी सातनंतर काम नाही. आपली बरीच वाचनालयं गजबजतात ती नेमकी संध्याकाळी, तेव्हा ही अट आधीच बोलून घ्यावी. बिनपगारी मदतीलाही मी हीच वेळ पाळायला सांगेन.

आणि काम आहे हो, भरपूर आहे. कोकणात पुस्तकाचे वैरी म्हणजे दमट हवा, वाळवी आणि कसर. पावसाळ्याआधी कपाटं रिकामी करून पुसायची, ती भिंतीपासून सुटी ठेवायची, पुस्तकांना सावलीत वारा द्यायचा, फाटकी बाजूला काढायची. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात 2005 आणि 2021 साली पुराचं पाणी शिरलं, पुस्तकं भिजली. खालच्या फळीवर काय ठेवायचं हा इथे किरकोळ प्रश्न नाही. दाखल नोंदवहीशी (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांकासह जिच्यात लिहितात तिच्याशी) पुस्तकं ताडून पाहायला दोन माणसं लागतात, एक क्रमांक वाचायला, एक खूण करायला. यादी संगणकावर मराठीत टाइप करणारं कुणी मिळालं तर ग्रंथपाल तिला सोडणारच नाहीत. बालविभागात लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवता येईल, ज्यांना जिना चढवत नाही अशा आजींना पुस्तक घरपोच नेता येईल. मात्र दिवसभर आरामात वाचायला मिळेल असं तिला वाटत असेल तर तो तिचा गैरसमज.

तिला एकटीला पाठवा. ओळखीच्या पदाधिकाऱ्याला फोन करू नका. साध्या कागदावर अर्ज तिनेच लिहावा : कोणते दिवस, किती वेळ, काय काय येतं. नाही म्हणाले तर तेही तिलाच ऐकू द्या. अकरावीच्या प्रवेशाची धावपळ सुरू होईपर्यंत जाऊ दे. ती सज्ञान नाही, त्यामुळे पालकांचं संमतीपत्र मागतील. तेवढी सही तुमची.