टॉम अँड जेरीतली ती बाई

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: टॉम अँड जेरीतल्या त्या बाईचे नुसते पायच का दिसतात, आणि हल्ली जुन्या भागांआधी वंशभेदाबद्दलची पाटी का येते.

पायांचं उत्तर सोपं. गोष्ट मांजराच्या आणि उंदराच्या उंचीवरून सांगितलेली आहे, त्यामुळे माणूस म्हणजे चपला, पोटऱ्या आणि वरून येणारा ओरडा. (1950 च्या दशकात टॉमला एक गोरं जोडपं मालक म्हणून मिळालं. त्यांची तोंडं काही भागांत नीट दिसतात, हेही सांगून ठेवतो.)

पाटीचं कारण मात्र ही बाई कोण, यात आहे. आम्ही भावंडं तिला टॉमची मालकीण समजायचो. फ्रिज तिचा, झाडू तिचा, टॉमला हाकलून द्यायचा हक्क तिचा. दुसरं काय समजणार? अमेरिकेतल्या प्रेक्षकाला मात्र तो ॲप्रन दिसला आणि ते बोलणं ऐकू आलं की लगेच कळायचं, ही गोऱ्यांच्या घरातली काळी मोलकरीण. गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेला साचा आहे हा: जाडजूड, तोंडाळ, मालकाच्या घरावर जीव टाकणारी ‘मॅमी’. ही बाई पहिल्यांदा पडद्यावर आली फेब्रुवारी 1940 मध्ये. त्याच महिन्यात हॅटी मॅकडॅनियल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटातल्या मॅमीच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, आणि त्या समारंभात तिला बाकीच्या कलाकारांपासून लांब, वेगळ्या टेबलावर बसवलं होतं.

शिवाय ते स्फोट. डायनामाइट फुटतो, टॉमचं तोंड काळंठिक्कर, ओठ जाड, डोक्यावर रिबिनी बांधलेल्या वेण्या. आम्ही पोट धरून हसायचो, काजळी लागली एवढंच वाटायचं. मुळात ती नक्कल आहे 19व्या शतकात अमेरिकेत होणाऱ्या रंगमंचावरच्या खेळांची, ज्यांत गोरे नट जळक्या बुचाची काजळी फासून काळ्या माणसांची टिंगल करायचे.

एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेनं अशा पात्रांवर आक्षेप घेतले होते. 1952 नंतर बाई दिसेनाशी झाली. पण कडू विनोद पुढेच आहे. 1960 च्या दशकात टीव्हीसाठी जुने भाग ‘स्वच्छ’ करताना एमजीएम या मूळ स्टुडिओनं काही ठिकाणी तिच्या जागी गोरी बाई काढली आणि जून फोरे या अभिनेत्रीकडून आयरिश ढंगाचा आवाज घेतला. 1990 च्या दशकात थिया विडाल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीकडून संवाद पुन्हा बोलवून घेतले, या वेळी ती जुनी बोली काढून. दोन्ही वेळा पुसली गेली ती लिलियन रँडॉल्फ. मूळ आवाज तिचा, आणि श्रेयनामावलीत तेव्हाही तिचं नाव नव्हतं.

म्हणून भाग कापण्या-बदलण्यापेक्षा मी पाटीच्या बाजूचा. कापाकापीनं काय होतं ते 2013 मध्ये दिसलं: ‘माउस क्लीनिंग’ आणि ‘कॅसानोव्हा कॅट’ हे दोन भाग वगळून डीव्हीडी संच काढायचं ठरलं, चाहते खवळले, आणि तो संच बाजारात आलाच नाही.

मुलांना पाटीतलं काही कळत नाही म्हणता, ते खरंय. माझा भाचा सहा वर्षांचा आहे, त्याला ती पुढे ढकलायची घाई असते. पाटी शेजारी बसलेल्या माझ्यासारख्यांसाठी आहे. पण मुलांना काहीच कळत नाही, असंही नाही. त्यानं पहिल्याच भागात विचारलं, “मामा, या कामाच्या मावशी आहेत ना?” आमच्या लहानपणी घरी कामाला कोणी येत नव्हतं, त्याच्याकडे येतात. त्यानं झाडूवरून ओळखलं की रंगावरून, ते विचारायचं मी टाळलं.

तुम्हाला तिचा चेहरा बघायचाच असेल तर 1950 चा ‘सॅटर्डे इव्हनिंग पस’ शोधा. मूळचा, गोरी मुलगी घातलेला नव्हे. त्यात ही बाई नटूनथटून मैत्रिणींकडे ब्रिज खेळायला निघते, आणि मागे टॉम घरात बोके जमवून धिंगाणा घालतो. जेरीचा फोन गेल्यावर ती रस्त्यानं धावत सुटते. तिथे बोट तयार ठेवा आणि थांबवा. डोळ्याचं पातं लवेपर्यंतच दिसते, पण दिसते.