पावसात ट्रॅकवरच्या गाडीची काच आतून पांढरी होते तेव्हा

प्रश्न : जुनी मारुती एस्टीम फक्त ट्रॅकसाठी ठेवली आहे. डॅशबोर्ड, कार्पेट, छताचं अस्तर, एसी, हीटर सगळं काढलं; मागच्या काचा पॉलिकार्बोनेटच्या (कडक पारदर्शक प्लास्टिकच्या) आहेत. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात दुसऱ्याच लॅपला समोरच्या काचेवर आतून वाफ धरते. काचेसमोर १२ व्होल्टचा छोटा पंखा लावून पाहिला, उपयोग झाला नाही. – एक वाचक, पुणे

उत्तर : पंखा आतलीच दमट हवा फिरवतो, म्हणून उपयोग झाला नाही. फायरप्रूफ सूट, बालाक्लावा (हेल्मेटखालची कापडी टोपी) आणि हेल्मेटमध्ये घामाघूम झालेला चालक, त्याचा श्वास आणि ओले बूट मिळून आतली हवा बाहेरच्यापेक्षा दमट होते. काच मात्र पावसाने गार झालेली असते. अशी हवा तिला टेकली की पाणी सुटणारच.

हीटर काढला, ही खरी चूक. वजन वाचलं चार-पाच किलो, पण पावसात काच कोरडी ठेवणारं यंत्रच गेलं. २५ अंशांच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरमागे सुमारे २३ ग्रॅम वाफ असते. तीच हवा ३५ अंशांपर्यंत तापवली, तर ती सुमारे ४० ग्रॅम पेलू शकते. म्हणजे सापेक्ष आर्द्रता ५८ टक्क्यांवर येते. भर पावसातली हवासुद्धा दहा अंश तापवली की काच सुकवते. त्यामुळे हीटर कोअर, म्हणजे इंजिनचं गरम पाणी खेळणारा हीटरचा छोटा रेडिएटर, पुन्हा बसवा. चेन्नईच्या उकाड्यात तो नकोसा होईल, म्हणून गरम पाण्याचा व्हॉल्व्ह एरवी बंद ठेवा आणि पावसात थोडाच उघडा. होज आणि क्लिप नवीन घाला. काचेवर चिकट, तेलकट वाफ येऊन गोडसर वास आला तर कोअर गळतोय, गाडी लगेच पिटमध्ये आणा. ते कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) चालकाच्या पायावर उकळतं येऊ शकतं.

हवेसाठी मूळ ब्लोअर उरला नसेल, तर बोटींसाठी मिळणारा ३ इंची बिल्ज ब्लोअर वापरा. अशा ब्लोअरवर मिनिटाला १३० घनफूट किंवा त्याच्या आसपासचा आकडा लिहिलेला असतो. तो मोकळ्या हवेतला असतो; कोअर, पाइप आणि वळणं यांत बराचसा जातो. तेव्हा पाइप आखूड ठेवा, काटकोनी वळणं टाळा. स्वतंत्र १० अँपिअरचा फ्यूज द्या आणि बेल्ट आवळल्यावरही हात पोचेल तिथे स्विच बसवा. हवा घ्यायची ती बॉनेट आणि काच जिथे मिळतात त्या काउलमधून, कारण धावत्या गाडीत तिथे दाब जास्त असतो. इंजिनच्या खोलीतून कधीही घेऊ नका.

पाइपचं उघडं तोंड काचेकडे वळवलं तर जेवणाच्या ताटाएवढा गोल स्वच्छ होतो, बाकी काच तशीच. १ मिलिमीटर ॲल्युमिनियम पत्र्याची पेटी करून तिला ६० सेंटिमीटर लांब, ८ मिलिमीटर रुंद फट ठेवा. फटीचं क्षेत्रफळ ४८ चौरस सेंटिमीटर होतं, म्हणजे ३ इंची पाइपच्या जवळपास तेवढंच. पेटीत हवा मधोमध सोडा. एका टोकाकडून सोडली तर लांबच्या टोकाला जास्त येते आणि चालकासमोर कमी.

आता बहुतेकांकडून निसटणारी गोष्ट. आलेली हवा जायला वाट लागते. आगीपासून संरक्षण म्हणून डिकी आणि केबिनमधली भिंत पत्र्याने बंद केली, की मागच्या बंपरआडची मूळ हवा-निकासाची झडपं निकामी होतात. मग ब्लोअर कितीही मोठा घ्या, तो बंद डब्यात फुंकतोय. मागच्या पॉलिकार्बोनेट खिडकीला, मागच्या कडेजवळ, मागे तोंड असलेली जाळी बसवा. तिचं क्षेत्रफळ आत येणाऱ्या पाइपपेक्षा जास्त हवं. लोकरीचा दोरा चिकटवून तपासा : ब्लोअर चालू असताना तो बाहेर ओढला जायला हवा. अगरबत्तीचा मोह होईल, पण पेट्रोलची टाकी शेजारीच आहे, दोराच बरा.

फ्लोअरची उघडी भोकं रबरी बुचांनी बंद करा, नाहीतर चाकांचं पाणी आत येतं. ग्रिडवर, म्हणजे शर्यत सुटण्याआधीच्या रांगेत, थांबताना सगळ्यात जास्त वाफ धरते. ब्लोअर आणि इंजिन चालू ठेवा. ग्लोव्ह्जने काच पुसू नका, घामाचा तेलकट फराटा उठतो. काठीला बांधलेला मायक्रोफायबर कपडा हाताशी ठेवा.

प्रश्न : शाम्पू किंवा शेव्हिंग फोम लावून काम होतं का?

उत्तर : हो, तात्पुरतं. साबणामुळे थेंब न होता पाण्याचा पातळ थर होतो आणि आरपार दिसतं. आधी काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा, दर वेळी कपडा बदलून. जुन्या पॉलिशचा सिलिकॉन राहिला तर काहीच टिकत नाही. मग फोमचा पातळ हात देऊन कोरड्या कपड्याने चमक येईपर्यंत घासा. प्रत्येक सत्राआधी पुन्हा लावा. ट्रकवाल्यांचा बटाटा आणि तंबाखू बाहेरून पावसाचं पाणी ओघळावं म्हणून असतात, आतल्या वाफेशी त्यांचा संबंध नाही. पॉलिकार्बोनेटवर अमोनियावाला क्लीनर, पेट्रोल किंवा थिनर लावू नका. बारीक चिरा पडतात आणि त्या जात नाहीत.