सत्तरच्या दशकातलं हेवीवेट बॉक्सिंग खरंच एवढं भारी होतं का, की जुने लोक उगाच हळवे होतात?

हो, होतं. जुने लोक हळवे होतात हे खरं आहे, पण उगाच नाही. मी स्वतः नव्वदच्या दशकात केबलवर टायसन, होलीफिल्ड, लुईस यांना बघत मोठा झालो आणि सत्तरच्या लढती नंतर मिळतील तशा मिळवून बघितल्या, हायलाइट्स नाही, पहिल्या घंटेपासून शेवटपर्यंत. तेव्हा माझं मत बालपणीच्या आठवणींवर उभं नाहीये. त्या काळाला सुवर्णकाळ म्हणायचं कारण माझ्या दृष्टीने एकच आहे, जवळपास सगळे सगळ्यांशी लढले. सहसा कुणी कुणाला टाळलं नाही, आणि हरलं म्हणून कुणी संपलं नाही.

बघा ना. मार्च १९७१ ला जो फ्रेझरने मोहम्मद अलीला हरवलं. जानेवारी १९७३ ला जमैकात किंग्स्टनला जॉर्ज फोरमनने त्याच फ्रेझरला दोन राउंडमध्ये सहा वेळा खाली पाडलं. दोनच महिन्यांनी सॅन डिएगोत केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडला आणि लढतही जिंकली. पुढच्या वर्षी कराकसला फोरमनने नॉर्टनलाही दोन राउंडमध्ये गुंडाळलं. म्हणजे ज्या दोघांनी अलीला हरवलं होतं ते दोघंही फोरमनसमोर दुसऱ्या राउंडच्या पुढे गेले नाहीत, आणि अशा फोरमनला ३० ऑक्टोबर १९७४ ला आफ्रिकेत किन्शासात पहाटे चारच्या सुमारास, दोरांना टेकून मार खात खात त्याला दमवून, अलीने आठव्या राउंडमध्ये झोपवलं. आता यातून कोण सगळ्यात भारी ते सांगा. सांगता येत नाही, आणि म्हणूनच पन्नास वर्षं झाली तरी लोक भांडतायत. आपल्याकडे कोल्हापूरला खासबागेतल्या जुन्या कुस्त्यांवर म्हातारी माणसं जशी डाव न् डाव आठवून बोलतात ना, अगदी तसं.

बहुतेक लोक हा काळ अलीचा म्हणतात. मी म्हणेन फ्रेझरचा पण तेवढाच. त्याच्या अख्ख्या प्रोफेशनल करिअरमध्ये फक्त चार पराभव आहेत, दोन अलीकडून आणि दोन फोरमनकडून, बाकी कुणाकडून तो हरलाच नाही. उंची सहा फुटाच्या आतच, हेवीवेटसाठी बुटकाच, लांबून मारायची सोय नाही, त्यामुळे डोकं खाली घालून, खालीवर डुलत, मार खात आत शिरायचं आणि मग लेफ्ट हूक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला डाव्या हाताचा ठोसा. या हूकची गोष्ट त्याने स्वतःच सांगितलेली आहे, साउथ कॅरोलिनात बोफर्टजवळ शेतावर लहानपणी एक डुक्कर मागे लागलं, हा पळताना पडला, डावा हात मोडला, डॉक्टरकडे न्यायला पैसे नव्हते, हात कोपरात थोडा वाकलेलाच राहिला, पूर्ण सरळ व्हायचाच नाही. म्हणजे हूक मारायला हात आधीच तयार! पुढे फिलाडेल्फियाला आला, कत्तलखान्यात काम केलं आणि १९६४ ला टोकियो ऑलिम्पिकचं गोल्ड घेऊन आला.

मी सध्या फिलाडेल्फियातच असतो त्यामुळे हे नाव इथे अजून कसं घेतलं जातं ते रोज बघतो. मी केस कापायला जातो तिथे काही वयस्कर कृष्णवर्णीय गृहस्थ नुसते बसायला येतात. १९७१ ची ती लढत अमेरिकेत घरच्या टीव्हीवर नव्हती, थिएटरात तिकीट काढून क्लोज्ड सर्किटवर बघायला लागायची, आणि त्यातल्या एका आजोबांनी ती तशी बघितलेली आहे. ते सांगतात की अर्धं थिएटर फ्रेझरचं, अर्धं अलीचं, आणि त्यांचा सख्खा भाऊ अलीच्या बाजूचा, तो घरी जाईपर्यंत बसमध्ये एक शब्द बोलला नाही. मी एकदा विचारलं की फ्रेझर नेमका आत कसा शिरायचा, तर हे आजोबा गळ्याला कापड गुंडाळलेलं असताना, अर्धे केस कापलेले असताना खुर्चीतून उठले, गुडघे वाकवले, डावा खांदा खाली टाकला आणि दाखवलं, “असा”. न्हावी कात्री वर धरून शांत उभा राहिला, त्याने हे आधी पण बघितलेलं असणार 😄

तर ती लढत. ८ मार्च १९७१, न्यूयॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. अली ३१ लढती अजिंक्य, फ्रेझर २६ लढती अजिंक्य, दोघांना प्रत्येकी २५ लाख डॉलर. अलीने व्हिएतनाम युद्धाच्या वेळी सैन्यात जायला नकार दिला म्हणून १९६७ मध्ये त्याचा किताब आणि लायसन्स दोन्ही काढून घेतलं होतं, ऐन उमेदीची साडेतीन वर्षं रिंगबाहेर गेलेली. फ्रँक सिनात्रा रिंगच्या कडेला कॅमेरा घेऊन लाइफ मासिकासाठी फोटो काढत होता, यावरून वातावरणाचा अंदाज घ्या. अलीची चड्डी लाल, फ्रेझरची हिरवी-सोनेरी, आणि अलीच्या पांढऱ्या बुटांना लाल गोंडे. पंधराव्या राउंडमध्ये, म्हणजे दोघांच्याही अंगात काही उरलेलं नसताना, फ्रेझर जवळपास जमिनीवरून उचलून आणावा तसा लेफ्ट हूक आणतो, तो अलीच्या जबड्यावर बसतो, अली सरळ पाठीवर पडतो, पाय हवेत आणि ते लाल गोंडे उडताना दिसतात. मला विचाराल तर या खेळातला हा सगळ्यात मोठा ठोसा आहे. पण त्याहून भारी पुढचं, अली जवळपास लगेच उठतो! सुजलेला जबडा घेऊन उरलेला राउंड उभा राहतो. निकाल पंचांच्या एकमताने फ्रेझरच्या बाजूने.

आणि इथे जुन्या आठवणींबद्दल माझी एक तक्रार आहे, कारण त्यात अलीने फ्रेझरशी जे केलं ते सगळे सोयीस्करपणे विसरतात. अलीवर बंदी असताना फ्रेझरने त्याला पैशांची मदत केली होती, त्याला लायसन्स परत मिळावं म्हणून शब्द टाकला होता. आणि लढत ठरल्यावर अलीने त्याला गोऱ्यांचा माणूस म्हटलं, १९७५ च्या मनीलातल्या लढतीच्या वेळी तर गोरिला म्हणत रबराचं खेळणं हातात घेऊन प्रेससमोर त्याची चेष्टा केली. शेतमजुरी करणाऱ्या घरातून आलेला, कत्तलखान्यात राबलेला माणूस, त्याला त्याच्याच लोकांमध्ये परका ठरवलं. त्याच्या पोरांना शाळेत ऐकून घ्यावं लागलं. अलीने २००१ मध्ये माफी मागितली, पण तीस वर्षं गेली होती मधे. मी अलीचा प्रचंड चाहता आहे, युद्धाला नकार देऊन त्याने जे गमावलं ते बघून आजही मान झुकते, पण हे चुकीचं होतं आणि ते स्पष्ट म्हटलंच पाहिजे. फिलाडेल्फियात सिनेमातल्या एका काल्पनिक बॉक्सरचा पुतळा ऐंशीच्या दशकापासून आहे, आणि इथल्याच खऱ्याखुऱ्या चॅम्पियनचा, फ्रेझरचा पुतळा उभा राहिला २०१५ ला, तो जाऊन चार वर्षं झाल्यावर. नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवरच्या त्याच्या जिमच्या जागी तर मधे फर्निचरचं दुकान होतं.

मनीलाची अली-फ्रेझर लढत, १ ऑक्टोबर १९७५. अमेरिकेतल्या प्रेक्षकांची वेळ साधायला ती तिथे सकाळी पावणेअकराला ठेवली, आत गर्दी, दिवे, उकाडा, श्वास घ्यायचे वांधे. पहिले काही राउंड अलीचे, मधले फ्रेझरचे, तेराव्या-चौदाव्यात परत अली. फ्रेझरला डाव्या डोळ्याने आधीपासूनच धड दिसत नव्हतं आणि आता उजवाही सुजून मिटत चाललेला, अलीचा उजव्या हाताचा ठोसा येताना दिसतच नव्हता. चौदाव्यानंतर त्याचा ट्रेनर एडी फ्युच म्हणाला बस, संपलं. फ्रेझर नको नको म्हणत होता. पण फ्युचने रिंगमध्ये माणसं मेलेली बघितली होती, त्याने ऐकलं नाही. आणि त्याच वेळी समोरच्या कोपऱ्यात जिंकलेला अली जेमतेम उठला आणि खाली कोसळला. नंतर तो म्हणाला की मरणाच्या सगळ्यात जवळचा अनुभव हाच. मला फ्युच या सगळ्या काळातला सगळ्यात शहाणा माणूस वाटतो.

आता नव्वदच्या दशकाचं. माझं बालपण त्यात गेलंय, होलीफिल्ड-बोवच्या तीन लढती कुठल्याही काळात शोभतील, आणि १९९४ ला ४५ वर्षांच्या फोरमनने तेव्हाच्या चॅम्पियन मूररला पाडून किताब घेतला तेव्हा तर अंगावर काटा आला होता. तरी पण बोव आणि लुईस, सोल ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये भिडलेले दोघं, प्रोफेशनलमध्ये एकदाही समोरासमोर आले नाहीत, उलट बोवने लुईसशी लढायचं सोडून किताबाचा बेल्टच कचऱ्याच्या डब्यात टाकला. टायसन-होलीफिल्ड १९९१ ला ठरलेली, ती झाली १९९६ ला. टायसन-लुईस झाली २००२ ला, टायसन संपल्यावर. सत्तरच्या लोकांना ही हुरहूर नाहीये, त्यांना जे हवं होतं ते जवळपास सगळं बघायला मिळालं आणि तेही वेळेवर.

त्याची किंमत मात्र भयानक होती. १९७७ ला एर्नी शेव्हर्स या बॉक्सरशी लढल्यावर अलीच्या डॉक्टरने, फर्डी पाचेकोने, साथ सोडली कारण थांब म्हणून सांगूनही कुणी ऐकत नव्हतं. १९८४ ला अलीला पार्किन्सन्सचं निदान झालं. त्याच काळातला जेरी क्वारीसारखा जिगरबाज बॉक्सर डोक्यावर खाल्लेल्या माराने शेवटी स्वतःची कामं पण करू शकत नव्हता, १९९९ ला ५३ व्या वर्षी गेला. त्या काळावर प्रेम करताना हेही सोबत येतं, ते वगळून मला त्या लढती बघता येत नाहीत.

तुम्हाला बघायला सुरुवात करायची असेल तर अलीपासून करू नका, जानेवारी १९७६ ची फोरमन विरुद्ध रॉन लाईल बघा, पाचच राउंड आहेत, दोघंही आळीपाळीने पडतात आणि तंत्रबिंत्र सगळं विसरून जातात. मग १९७१ ची, मग किन्शासा, मग मनीला, पण मनीला पूर्ण बघा, मधे पळवू नका. आणि जून १९७८ ची लॅरी होम्स विरुद्ध केन नॉर्टन कुणी सहसा सुचवत नाही म्हणून मुद्दाम सांगतो, तिचा पंधरावा राउंड दोनदा बघा आणि तुमच्या मते तो कुणी जिंकला ते मला कमेंटमध्ये कळवा.