भट्टीत न तापवता टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिकी थर प्लाझ्माने वाढवता येतो का?

आपल्या महाविद्यालयातील मॅग्नेट्रॉन स्पटरिंग यंत्रावर (निर्वातात प्लाझ्माच्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूच्या, माऱ्याने धातूचे अणू उडवून थर देणारे यंत्र) साध्या काचपट्टीवर घेतलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या थराला एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांनी रचना तपासण्याच्या मापनात, स्फटिकाची खूण असणारे एकही शिखर आले नाही, आणि नंतर ४५० अंशांवर भाजण्याऐवजी तो वाढतानाच स्फटिकी करता येईल का, असे आपण विचारले आहे. निश्चित करता येतो. मी नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत निर्वात लेपनाचे काम करतो. आमच्याकडे मुख्य काम कटिंग टूलवरच्या टायटॅनियम नायट्राइडचे असले, तरी या ऑक्साइडविषयी मला विशेष आस्था आहे.

उष्णतेमुळे पृष्ठभागावर येऊन पडलेल्या अणूला आपल्या योग्य जागेपर्यंत सरकण्याचे बळ मिळते. ५०० अंश सेल्सिअसला ही औष्णिक ऊर्जा जेमतेम ०.०७ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंची ऊर्जा मोजण्याचे एकक) असते. टार्गेटवरून, म्हणजे ज्या धातूच्या तबकडीवर मारा होतो तिच्यावरून, उडालेला अणू मात्र काही इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा घेऊन निघतो, आणि प्लाझ्मातला आयन (विद्युतभारित अणू) काचेलगतच्या विद्युत्-आवरणातून जाताना वीस-तीस इलेक्ट्रॉनव्होल्टही मिळवू शकतो. म्हणून तापमानाच्या आकड्यापेक्षा येणाऱ्या प्रत्येक अणूमागे थराला किती ऊर्जा मिळते, याकडे आपण लक्ष द्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

ही ऊर्जा बदलण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे चेंबरमधील दाब. अर्ध्या पास्कलला अणू सुमारे सव्वा सेंटिमीटर जाऊन वायूच्या अणूवर आदळतो, तर दोन पास्कलला ते अंतर तीन मिलिमीटरवर येते. टार्गेट आणि काच यांच्यातील सहा-आठ सेंटिमीटरांत दुसऱ्या स्थितीतला अणू अनेक टकरा खाऊन थकूनच पोहोचतो. त्यामुळे सर्वसाधारण कल असा दिसतो की कमी दाबाला रुटाइल, त्याहून जास्त दाबाला ॲनाटेज (ही दोन्ही याच ऑक्साइडची स्फटिकरूपे) आणि ऊर्जा फारच घटली की अस्फटिक थर मिळतो. भट्टीचा अनुभव असणाऱ्याला हे उलटे वाटते, कारण अस्फटिक थर भाजताना प्रथम ॲनाटेज येते आणि बरेच अधिक तापवल्यावर रुटाइल. दाबाचे नेमके आकडे मात्र यंत्रागणिक बदलतात, म्हणून दुसऱ्याच्या शोधनिबंधातील दाब जसाच्या तसा उचलू नये.

ऊर्जा जास्त म्हणजे थर चांगला, असेही नाही. ऑक्सिजनचे ऋण आयन टार्गेटवरच तयार होतात आणि टार्गेटच्या पूर्ण व्होल्टेजने, म्हणजे काहीशे इलेक्ट्रॉनव्होल्टने, सरळ समोर फेकले जातात. टार्गेटवर जे झिजलेले वर्तुळ दिसते, त्याच्या बरोबर समोर ठेवलेल्या काचेवर त्यांचा मारा सर्वाधिक होतो आणि बनत आलेली जाळी मोडते. एकाच फेरीत एक काचपट्टी त्या वर्तुळासमोर आणि दुसरी थोडी बाजूला ठेवून पाहा. दोन्हींच्या रचनेत फरक दिसला, तर त्यामागे हा मारा असण्याची शक्यता पहिल्यांदा तपासावी.

चेंबरमध्ये सोडलेला ऑक्सिजन वाढवत गेल्यास एका टप्प्यावर टार्गेटच्या पृष्ठभागावर ऑक्साइड चढतो आणि थराचा वेग एकदम कोसळतो. मग ऑक्सिजन थोडा कमी केला तरी तो वेग लगेच परत येत नाही. ऑक्सिजन अपुरा असेल तर थर पारदर्शक न होता करडा-निळसर दिसतो, आणि हे साध्या डोळ्यांनी काच उजेडात धरूनही कळते. नाशिकच्या पावसाळ्यात यात एक भर पडते. चेंबर उघडताच त्याच्या भिंती हवेतील पाण्याची वाफ धरतात, आणि ती वाफ प्लाझ्मात फुटून ऑक्सिजनच पुरवते, त्यामुळे मे महिन्यात जुळवलेला प्रवाह जुलैत चालत नाही. पंप जास्त वेळ चालू ठेवून दर वेळी ठरलेल्या मूळ निर्वातापर्यंत उतरल्याशिवाय फेरी सुरूच करू नये.

आता आपल्या एक्सआरडीविषयी, कारण थर खरोखर अस्फटिक आहे की नाही याचीच मला शंका आहे. आलेखात काचेचा रुंद उंचवटा साधारण २० ते ३० अंशांच्या कोनादरम्यान पसरतो, आणि ॲनाटेजचे मुख्य शिखर २५.३ अंशांवर, तर रुटाइलचे २७.४ अंशांवर येते. थर पन्नास-साठ नॅनोमीटरचा असेल, तर नेहमीच्या मापनात ते शिखर त्या उंचवट्यात सहज बुडून जाते. किरण अगदी तिरपे पाडून मापन करावे, किंवा रमण वर्णपट (लेसरचा प्रकाश थरातून विखुरताना त्यात होणाऱ्या बदलाचा आलेख) घ्यावा. ॲनाटेजची १४४ प्रति सेंटिमीटरवरची रेषा इतकी ठळक असते की थोड्या स्फटिकांतही ती ओळखू येते. शिवाय साध्या काचेतील सोडियम तापलेल्या थरात शिरून ॲनाटेजच्या वाढीत अडथळा आणतो, म्हणून सोबत सिलिकॉन वेफरचा तुकडा नेहमी ठेवावा. काचच हवी असेल, तर खाली सिलिकाचा थर द्यावा.

बाष्पातून प्लाझ्मा-लेपन करण्याचा, म्हणजे टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइडची वाफ ऑक्सिजनच्या प्लाझ्मात सोडण्याचा मार्गही आहे. पण हे द्रव हवेतील ओलाव्याशी लगेच अभिक्रिया करते, त्याची नळी गरम ठेवावी लागते आणि थरात कार्बन राहू शकतो, म्हणून आपल्याकडे स्पटरिंग असताना मी तिकडे वळण्याचा सल्ला देणार नाही.

निष्कर्ष लिहिताना ‘न तापवता’ हा शब्दप्रयोग करण्यापूर्वी काचेचे तापमान मोजा. हीटर बंद असला तरी प्लाझ्माच्या माऱ्याने काच लांबलेल्या फेरीत शंभर अंशांच्या वर जाऊ शकते. पट्टीच्या मागे थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) किंवा तापमान दाखवणारी चिकटपट्टी लावली, तर आपल्या मार्गदर्शकांच्या पहिल्याच प्रश्नाचे उत्तर आपल्या हाती असेल.