दगडफूल आणि चिचुंद्री यांची तुलना करता येते का?

येते, आणि मजेशीर होते.

ठाण्यात जांभळी नाक्यावरून गोड्या मसाल्यासाठी आणलेलं दगडफूल हातात घ्या. वरून राखाडी, खालून काळं. हे ना फूल, ना झाड. बुरशीच्या धाग्यांच्या जाळीत हिरवं शेवाळ राहतं. बुरशी आसरा देते, शेवाळ उन्हात अन्न तयार करतं. दगडफुलं म्हणजे अशी जोडी असते, हे १८६७ मध्ये स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी मांडलं तेव्हा बऱ्याच जाणकारांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. गंमत म्हणजे आजही दगडफुलाचं शास्त्रीय नाव म्हणजे त्यातल्या बुरशीचंच नाव. शेवाळाचं वेगळं.

चिचुंद्री मात्र सरळ एकच प्राणी. उंदीर नव्हे बरं का, ती किडे खाणारी. झुरळं फस्त करते म्हणून मी तरी मारत नाही. वास येतो, चालायचंच. आमच्या चाळीच्या गटाराकडेने एकदा आई पुढे आणि मागे एकमेकांना दातांनी धरलेली पिल्लं, अशी आगगाडीच गेली.

मोठा फरक भुकेचा. चिचुंद्रीचं पोट सतत मागतं, उपास तिला झेपत नाही. दगडफूल कोरडं पडलं की नुसतं थांबतं. पाणी मिळालं की पुन्हा कामाला लागतं.