कॉमन बदललं की वेबचा बिल्ड कधी लाल, कधी हिरवा

तुमच्याकडे जेन्किन्सवर (बिल्ड आपोआप चालवणारा सर्व्हर) तीन मेवन जॉब आहेत (मेवन म्हणजे जावाचा कोड बिल्ड करणारं आणि लागणाऱ्या लायब्ररी आणणारं टूल): कॉमन लायब्ररी, तिच्यावर बिलिंग, आणि दोन्हींवर वेब. वेब लाल होतो, म्हणजे बिल्ड फसतो, आणि काही न बदलता पुन्हा चालवला की पास होतो, म्हणून तुम्ही जॉबचा क्रम कसा लावायचा ते विचारलंय. क्रम हवाच, पण खरं दुखणं दुसरंच वाटतं. वेबने नेमकी कोणती कॉमन उचलली, हे आज तुम्हाला सांगता येतं का?

आधी एजंटवरचं (ज्या मशीनवर बिल्ड चालतो तिथलं) डॉट एम टू फोल्डर बघा, मेवन लायब्ररी तिथे साठवतो. तिन्ही जॉब तेच वापरत असतील, तर कुणी फीचर ब्रांचवर कॉमन इन्स्टॉल केली, म्हणजे त्या फोल्डरात टाकली, की तीच १.०-स्नॅपशॉट (आकडा तोच ठेवून आत बदलत राहणारी कच्ची आवृत्ती) मुख्य ब्रांचच्या वेबला मिळते. यात आमचे दोन दिवस गेले होते. एक मेथड सापडत नव्हती आणि आम्ही सगळे वेबचाच कोड चाळत बसलो होतो. प्रत्येक जॉबला खाजगी मेवन रिपॉझिटरी द्या. डिस्क जास्त लागेल, पहिला बिल्ड रेंगाळेल, तरी द्या.

मग कॉमन इन्स्टॉल करून भागणार नाही, कारण ती तिच्याच जॉबच्या फोल्डरात राहील; नेक्ससवर (लायब्ररी ठेवायचा सामायिक सर्व्हर) डिप्लॉय करावी लागेल. इथे आणखी एक खोच आहे: नेक्ससवरचा स्नॅपशॉट बदलला का, हे मेवन वेगळं सांगितलं नाही तर दिवसातून एकदाच तपासतो. सकाळी चाललेल्या वेबला दुपारची कॉमन दिसत नाही. मेवनच्या कमांडला डॅश यू (-U) दिलं की दिसते.

क्रमाचं म्हणाल, तर कॉमनने बिलिंग आणि वेब दोघांनाही ट्रिगर केलं की वेब नवी कॉमन आणि जुनं बिलिंग घेऊन धावतो. अपस्ट्रीम, म्हणजे ज्यांच्यावर वेब अवलंबून आहे ते जॉब, चालू असेपर्यंत बिल्ड रोखण्याचा पर्याय वेबला लावा.

एवढं केलंत तरी स्नॅपशॉट हलताच राहतो, म्हणून मी तो सोडायलाच सांगेन. मुख्य ब्रांचच्या प्रत्येक यशस्वी बिल्डला २.४.१३१ असा स्वतःचा आकडा द्या, तो पुन्हा कधी वापरू नका, आणि वेबच्या पॉममध्ये (कोणती लायब्ररी लागते ते सांगणारी मेवनची फाईल) तोच लिहा. आकडा वाढवायला कमिट लागते, हा त्रास खराच. पण बिल्ड मोडला तर त्याच कमिटवर बोट ठेवता येतं. तिन्ही एकाच टीमचे असतील आणि एकत्रच रिलीज होत असतील, तर सरळ एका रिपोत मॉड्यूल करा, क्रम मेवनच लावेल.

तोवर कॉमनच्या जारचं (बिल्डमधून तयार होणारी फाईल) फिंगरप्रिंट कॉमन आणि वेब दोन्ही जॉबमध्ये नोंदवा. ती कोणत्या बिल्डमधून आली, हे जेन्किन्स एमडी५वरून, म्हणजे फाईलच्या मजकुरावरून काढलेल्या खुणेवरून, दाखवतो. पुढच्या वेळी वेब लाल झाला की पुन्हा चालवण्याआधी तेवढं बघा.